बी.ए.चा प्रकल्प कपाटातून छापील लेखापर्यंत कसा न्यावा

मे महिन्यात विभागाचं कपाट आवरायला घेतलं की स्पायरल बाइंडिंगच्या प्रकल्प-अहवालांचे गठ्ठे निघतात. पहिल्या पानावर बाह्य परीक्षकाची सही आणि गुण असतात, आतली पानं कोरी करकरीत. बहुतेक अहवाल बेतास बात असतात, हे मान्यच आहे. पण प्रत्येक गठ्ठ्यात दोन-तीन असे निघतात की ज्यांत कुणीही, कुठेही लिहून न ठेवलेलं काही असतं. एका वाडीच्या बोलीतली नात्यांची नावं असतात, बंद पडलेल्या हातमागाचे हिशेब असतात, चाळीतल्या भजनी मंडळाच्या वह्या असतात. हे रद्दीत जाताना पाहून मला दरवर्षी वाईट वाटतं. हा लेख त्या दोन-तीन अहवालांसाठी आणि ते लिहिणाऱ्या मुलामुलींसाठी आहे.

असे अहवाल आता वाढणार आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घेता येतं. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. काम तर होणारच आहे. ते वाचकापर्यंत नेण्याची वाट मात्र कुणी वर्गात शिकवत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. समजा, तुम्ही राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात आणि तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या मासिक सभांची २००६ ते २०२० या काळातली इतिवृत्तं तुम्ही वाचलीत. प्रत्येक ठरावाखाली ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ अशी दोन नावं असतात. त्यात महिला सदस्यांची नावं किती वेळा येतात, हे तुम्ही मोजलंत.

आधी ती एक गोष्ट शोधा

अहवाल ऐंशी पानांचा असतो. त्यात पंचायतराजचा इतिहास असतो, ७३वी घटनादुरुस्ती असते, गावाची भौगोलिक माहिती असते, शेवटी पाय-चार्ट असतात. परीक्षकाला तुमची तयारी दिसावी म्हणून ते सगळं लागतं. लेखाचा वाचक मात्र तेवढ्यासाठी येत नाही. महाराष्ट्रात महिलांना ग्रामपंचायतीत आधी एक तृतीयांश आणि २०११पासून निम्म्या जागा राखीव झाल्या, हे त्याला ठाऊक असतं. तुमच्या गावच्या वहीत काय लिहिलंय, हे मात्र फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून अहवाल मिटून ठेवा आणि एका कागदावर दोन वाक्यं लिहा. पहिलं वाक्य, मला काय सापडलं. दुसरं, ते कशावरून. ‘निम्म्या जागा राखीव झाल्यावर सभेतली महिलांची संख्या वाढली, पण सूचक म्हणून त्यांची नावं प्रामुख्याने पाणी आणि अंगणवाडी या विषयांपुरतीच येतात, हे १५ वर्षांच्या इतिवृत्तांवरून दिसतं.’ असं काही लिहिता आलं, तर लेख आहे. ‘महिला सक्षमीकरण: एक अभ्यास’ यापलीकडे जाता आलं नाही, तर पुन्हा वहीकडे जा. हे वाक्य सापडायला दोन-तीन आठवडे लागले तरी लागू द्या.

वाक्य सापडल्यावर त्याला स्वतःच छळून बघा. तुमच्या गावात निम्म्या आरक्षणाची पहिली निवडणूक नक्की कोणत्या वर्षी झाली? कायदा २०११चा असला तरी ग्रामपंचायतींच्या निवडणुका एकाच दिवशी होत नाहीत, त्यामुळे तुमच्या तक्त्यातली ‘आधी’ आणि ‘नंतर’ची रेघ चुकीच्या वर्षावर पडू शकते. आणि सूचक म्हणून नाव आहे म्हणजे ती बाई खरोखर बोलली, असं म्हणता येतं का? त्या काळातलं इतिवृत्त ग्रामसेवकाने लिहिलेलं असतं. सूचक-अनुमोदकांची नावं सभेनंतर सोयीने भरली जातात, असं गावात कुणी सांगितलं, तर तुमचा शोध बुडत नाही. उलट तो जास्त खोल जातो, कारण आता प्रश्न होतो की लिहिणाऱ्याच्या हाताला कुणाचं नाव कोणत्या विषयापुढे लिहावंसं वाटतं. साधनाची मर्यादा लपवलेला लेख जाणकार वाचक दोन मिनिटांत बाजूला ठेवतो. मर्यादा स्वतःहून मांडलेला लेख तो शेवटपर्यंत वाचतो.

लिहिण्याआधी जागा ठरवा

मुलं उलटं करतात. आधी लेख लिहितात, मग तो कुठे खपेल ते शोधतात. प्रत्येक नियतकालिकाची शब्दमर्यादा, टीपांची पद्धत आणि वाचक वेगळा असतो, म्हणून जागा आधी ठरवावी.

मराठीत जागा आहेत. भाषेचा, बोलीचा विषय असेल तर पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ १९८३पासून निघतंय. वैचारिक, सामाजिक विषयांसाठी ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचं ‘नवभारत’ ही नावं जुनीजाणती आहेत. इतिहासाची अस्सल साधनं हाती लागली असतील तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचं ‘संशोधक’ बघा. साहित्याचा विषय असेल तर पुण्याच्या साहित्य परिषदेची पत्रिका किंवा नागपूरच्या विदर्भ साहित्य संघाची ‘युगवाणी’ बघा. अर्थशास्त्रासाठी मराठी अर्थशास्त्र परिषदेचं ‘अर्थसंवाद’ आहे. यातल्या ज्याचा विचार कराल, त्याचे मागच्या दोन वर्षांचे अंक ग्रंथालयात बसून चाळा. सध्या ते कसं आणि किती नियमित निघतंय ते कळेल, लेखांची लांबी कळेल, आणि तुमच्या विषयावर तिथे आधी कुणी काय लिहिलंय ते कळेल. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं.

इंग्रजीत लिहावं का, हा प्रश्न दरवर्षी येतो. माझं मत स्पष्ट आहे. वह्या मराठीत, मुलाखती मराठीत, विचार मराठीत झाला असेल तर पहिला लेख मराठीतच लिहा. मोडक्या इंग्रजीत चांगला शोध मरतो. पुढे तोच विषय वाढवून इंग्रजीत नेता येतो.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकाला कमी लेखू नका, पण तिथे पूर्ण लेख देऊन टाकू नका. ‘लेख पूर्वी प्रसिद्ध झालेला नसावा’ ही अट बहुतेक ठिकाणी असते. वार्षिकांकात हजार शब्दांचा अनुभव लिहा: वह्या कशा मिळाल्या, कोण काय म्हणालं. विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेतल्या ‘मानव्यविद्या, भाषा व ललितकला’ गटात पोस्टर लावलं, तर परीक्षकांचे प्रश्न त्याच दिवशी टिपून ठेवा. लेखाची ती फुकट मिळालेली पहिली समीक्षा असते.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त मुलं फसतात.

माझ्या एका विद्यार्थिनीने चांगला लेख लिहिला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या जाहिरातीवर विश्वास ठेवून तिने तो पाठवला, रात्रीत ‘स्वीकृत’ असं उत्तर आलं, तिने अठराशे रुपये भरले आणि तिला रंगीत प्रमाणपत्र मिळालं. दीड वर्षाने त्या नियतकालिकाचं संकेतस्थळच उघडेना. लेख गेला, आणि ‘पूर्वप्रसिद्ध’ ठरल्यामुळे दुसरीकडे पाठवण्याची वाटही अवघड झाली. तिला मी वेळेवर सावध केलं नाही, याची मला खंत आहे.

हा आजार विद्यार्थ्यांपुरता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी पुण्यातल्या अभ्यासकांनी केली आणि २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडली. त्यांतली ८८ टक्के नियतकालिकं शिफारस करण्याजोगी नव्हती. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४,३०५ नावं काढली आणि २०१९मध्ये ‘यूजीसी-केअर’ यादी आणली. फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद केल्याचं आयोगाने जाहीर केलं. त्यामुळे आज कुणी ‘आम्ही केअर लिस्टेड आहोत’ असं सांगून पैसे मागत असेल, तर तो रद्द झालेल्या यादीचं नाव विकतोय.

ओळखायचं कसं? आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची नोंद झाल्याचं सांगतो, दर्जाचं काहीच सांगत नाही. डीओआय हाही लेखाचा कायमचा पत्ता आहे, समीक्षा म्हणजे जाणकारांकडून तपासणी झाल्याचा पुरावा नाही. इतिहासापासून अभियांत्रिकीपर्यंत सगळे विषय एकाच अंकात, तीन दिवसांत समीक्षा पूर्ण, ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ (नियतकालिकातल्या लेखांचा इतरांनी किती संदर्भ घेतला याचा आकडा) कुणी दिला त्याचा पत्ता नाही, शुल्क मात्र ठळक अक्षरात: यांतली दोन लक्षणं एकत्र दिसली की पाठ फिरवा. आणखी एक साधी कसोटी आहे. त्या नियतकालिकातला तुमच्या विषयाचा एक लेख पूर्ण वाचा. त्यातून तुम्हाला काही नवं कळलं का? नसेल, तर तुमचाही लेख तिथे कुणी वाचणार नाही. ‘चर्चासत्राची फी भरा, पुस्तकात प्रकरण छापून मिळेल’ हा प्रकारही याच कसोटीवर घासून बघा.

चांगल्या मराठी नियतकालिकाची वर्गणी मागितली गेली तर ती वेगळी गोष्ट आहे. तेवढी आनंदाने भरा. या नियतकालिकांची आर्थिक ओढाताण असते आणि ती टिकली तरच लिहायला जागा उरणार आहे.

कागद आणि माणसं: परवानगी

ग्रामपंचायतीची इतिवृत्तं पाहायला आधी सरळ विनंती-अर्ज करा. विभागप्रमुखांचं पत्र सोबत असलं की बहुतेकदा काम होतं. नाहीच झालं तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत अर्ज, तीस दिवसांत उत्तर. पण गावातच राहायचं असेल तर हा मार्ग शेवटचा ठेवा. अर्ज गेला की वह्या मिळतात, गप्पा बंद होतात.

मुलाखती घेतल्या असतील तर संमती हवीच, आणि ती अहवालापुरती नको. ‘हे उद्या छापून येईल, चालेल का?’ हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. प्रकल्पाच्या वेळी विचारला नसेल तर परत जा आणि विचारा. लेखी सही देताना माणसं बिचकत असतील तर मोबाइलवर तोंडी संमती ध्वनिमुद्रित केलीत तरी चालते. अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची परवानगी घ्या.

नावं बदलली म्हणजे झालं, असं नसतं. ‘२०१२ ते २०१७ या काळातल्या सरपंच’ असं लिहिलंत की तालुक्याला कळतं त्या कोण. गावाचं नाव लपवलंत, पण तुमच्या लेखाखाली तुमचं नाव आणि गाव आलं, तर लपवलेलं उघडं पडतं. म्हणून छापायला देण्याआधी प्रत्येक अवतरणाला एक प्रश्न विचारा: हे वाक्य तिच्या घरच्यांनी, भावकीने वाचलं तर तिला त्रास होईल का? उत्तर ‘हो’ किंवा ‘कदाचित’ असेल तर ते वाक्य कितीही बोलकं असो, काढून टाका. छापून येण्यापेक्षा तिचं गावात सुखाने राहणं मोठं आहे.

ऐंशी पानांचे तीन हजार शब्द

अहवाल कापून लेख होत नाही. कोऱ्या पानावर नव्याने लिहावा लागतो. सुरुवात वहीतल्या एखाद्या ठरावाने करा. ठराव क्रमांक, तारीख, विषय, सूचक, ‘सर्वानुमते मंजूर’. एका परिच्छेदात वाचक सभेत येऊन बसतो. मग प्रश्न मांडा, मग आधी कोण काय म्हणालंय ते थोडक्यात सांगा. पूर्वसंशोधनासाठी ‘शोधगंगा’वरचे पीएच.डी. प्रबंध मोफत मिळतात, पण प्रबंधात उद्धृत केलेलं पुस्तक स्वतः न पाहता आपल्या यादीत टाकू नका.

तक्ता एक, फार तर दोन. पाय-चार्ट काढून टाका. एकाच गावाचा अभ्यास असेल तर टक्केवारीपेक्षा सरळ संख्या द्या: ‘४१२ पैकी ३७ ठराव’ असं लिहिलं की वाचकाला वजन कळतं. आणि एका गावावरून ‘महाराष्ट्रातील महिला’ असा निष्कर्ष काढू नका. एका गावाबद्दल नेमकं बोलणं हेच तुमचं बळ आहे.

पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश चाळा, पण शब्द कानाला परका वाटला तर पहिल्या वेळी त्याचा अर्थ एका वाक्यात सांगा. वहीतली भाषा मात्र तशीच ठेवा. ग्रामसेवकाने ‘चर्चा होऊन ठरले की’ असं लिहिलं असेल तर ते सुधारू नका, तो पुरावा आहे.

उचलेगिरीबद्दल आयोगाचे २०१८चे नियम आहेत: दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, श्रेय देऊन अवतरणचिन्हांत घेतलेला मजकूर मोजला जात नाही. पण आकड्याच्या मागे लागू नका. शब्द फिरवून दुसऱ्याचा विचार आपला म्हणून दिला, तर साम्य शून्य टक्के येऊनही ती उचलेगिरीच असते. चॅटजीपीटीसारखं साधन वापरलं असेल तर कशासाठी ते संपादकांना सांगा. त्याने सुचवलेला प्रत्येक संदर्भ हातात पुस्तक घेऊन तपासा, कारण अस्तित्वात नसलेली पुस्तकं ते पान क्रमांकासह देतं.

लेखाखाली नाव कुणाचं?

ज्याने वह्या वाचल्या, मोजल्या आणि लेख लिहिला, त्याचं नाव. मार्गदर्शकांनी विषय सुचवला, मसुदा तपासला, तर त्यांचे आभार मानायचे. त्यांनी खरोखर विश्लेषणात आणि लिहिण्यात हात घातला असेल तर सहलेखक म्हणून नाव येईल, पण विद्यार्थ्याच्या नंतर. आम्हा शिक्षकांना बढतीसाठी प्रकाशनं लागतात, आणि त्या ओझ्याखाली विद्यार्थ्याच्या लेखावर पहिलं नाव शिक्षकाचं लागताना मी पाहिलंय. हे चूक आहे. विद्यार्थ्याला हे बोलणं जड जातं, म्हणून बोलायची वेळ प्रकल्प सुरू होतानाची: ‘मॅडम, पुढे लेख झाला तर नावं कशी द्यायची?’ पाच जणांचा गटप्रकल्प असेल तर कुणी काय केलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

पाठवणं

लेख युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची वाताहत होते. वर्ड फाइलसोबत पीडीएफ जोडा, म्हणजे जोडाक्षरं मुळात कशी होती ते संपादकांना दिसेल. समीक्षकाला लेखक कळू नये अशी पद्धत असेल तर नाव वेगळ्या पानावर द्या. ई-मेल स्वतःचा वापरा. महाविद्यालयाने दिलेला पत्ता पदवीनंतर बंद होऊ शकतो.

सोबतचं पत्र छोटं असावं:

‘मा. संपादक, स. न. वि. वि. सोबत “सूचक कोण, अनुमोदक कोण?” हा सुमारे ३,००० शब्दांचा लेख पाठवत आहे. मी बी.ए. तृतीय वर्षात राज्यशास्त्र शिकते. हा लेख एका ग्रामपंचायतीच्या २००६ ते २०२० या काळातील मासिक सभांच्या इतिवृत्तांवर आधारित आहे. आपल्या गेल्या दोन वर्षांच्या अंकांत पंचायतराजवरील लेख मी वाचले. त्यांत इतिवृत्त हे साधन वापरलेले दिसले नाही, म्हणून हा लेख आपल्याकडे पाठवावासा वाटला. तो अन्यत्र प्रसिद्ध झालेला नाही व कोठेही विचाराधीन नाही. आपल्या सूचनांप्रमाणे दुरुस्त्या करण्याची तयारी आहे. कळावे.’

एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. आणि शेवटच्या परीक्षेच्या आधी पाठवा. माझ्या अनुभवात चांगले लेख नाकारले गेल्यामुळे कमी मेले आणि मे महिन्यात जास्त मेले. निकाल लागतो, कुणी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला जातं, कुणाचं लग्न ठरतं, वह्यांचे फोटो असलेला मोबाइल बदलतो. फेब्रुवारीत मसुदा आणि मार्चमध्ये रवानगी, एवढं पाळा. वह्यांचे फोटो, मुलाखतींच्या फाइल आणि मोजणीचा तक्ता दोन ठिकाणी जपून ठेवा.

उत्तर येईपर्यंत आणि आल्यावर

ही नियतकालिकं बहुधा दोन-तीन माणसं आपला वेळ देऊन चालवतात. तीन महिने थांबा, मग एक नम्र ई-मेल करा. आणखी महिन्याने फोन करायला हरकत नाही. तरी काही कळलं नाही तर ‘लेख मागे घेत आहे’ असं लेखी कळवून दुसरीकडे पाठवा.

समीक्षकाचे शेरे आले तर पहिल्या दिवशी फक्त वाचा. दुसऱ्या दिवशी वहीत दोन रकाने आखा: डावीकडे त्यांचा शेरा, उजवीकडे तुम्ही काय केलंत. सगळं मान्य करायची गरज नाही. ‘आणखी चार गावं घ्या’ असं म्हटलं असेल तर ‘हा एकाच गावाच्या संपूर्ण वह्यांचा अभ्यास आहे; शीर्षकात तसं स्पष्ट केलं आहे’ असं उत्तर चालतं. पण शेरा टाळू नका. प्रत्येकाला उत्तर द्या. ‘समजलं नाही’ असा शेरा असेल तर चूक तुमच्या वाक्यात आहे असं धरून ते वाक्य पुन्हा लिहा.

नकार आला तर कारण विचारायला लाजू नका. संपादक एखादी ओळ लिहितात, आणि ती ओळ पुढच्या ठिकाणी कामाला येते.

छापून आल्यावर

छपाईआधी तपासायला मुद्रित (प्रूफ) आलं की आकडे आणि नावं मूळ वहीशी ताडून बघा, ऱ्हस्व-दीर्घ नंतर. हक्कांबद्दल एकच विचारून घ्या: लेखाची प्रत मी स्वतः संग्रहात ठेवू शकते का? परवानगी असेल तर ‘झेनोडो’सारख्या मोफत ऑनलाइन भांडारात ठेवा, म्हणजे अंक दुर्मीळ झाला तरी लेख सापडेल. एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्या.

मग अंक घेऊन गावात जा. एक प्रत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात द्या, आणि ज्या बाईंनी ओसरीवर बसून दोन तास जुन्या सभांच्या आठवणी सांगितल्या त्यांना त्यांच्याबद्दलचा भाग मोठ्याने वाचून दाखवा. एखादी तारीख, एखाद्या वॉर्डाचं नाव चुकलं असेल तर त्या तिथेच सांगतील. घरी आल्यावर त्याच दिवशी शुद्धिपत्राच्या दोन ओळी संपादकांकडे पाठवा.